डॉक्टरांच्या संघटनेचे एक वर्ष : १९४८

डॉक्टर आजाऱ्याच्या उशाशी बसलेला आपण नेहमी पाहतो. पण देशातले बहुतेक डॉक्टर एकजुटीने सरकारपुढे दंड थोपटून उभे राहिले, असा प्रसंग विरळाच. तो ब्रिटनमध्ये १९४८ साली आला. संघटनेचे नाव ब्रिटिश मेडिकल असोसिएशन. स्थापना १८३२ सालची.

भांडण कशाचे होते? मजूर पक्षाच्या सरकारने १९४६ साली राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा केला. ५ जुलै १९४८ पासून गरीब असो की श्रीमंत, प्रत्येकाला डॉक्टर, औषध आणि इस्पितळ फुकट मिळावयाचे होते. तोवर १९११ च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळे, पण त्याच्या बायकोमुलांना मिळत नसे. पैसा नसला की घरची बाई दुखणे अंगावर काढी.

मग डॉक्टरांचा विरोध का? त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. त्या देशात चालता दवाखाना विकत मिळे. तरुण डॉक्टर कर्ज काढून तो घेई, म्हणजे खरे पाहता तेथे येणारे रोगीच विकत घेई. आणि म्हातारपणी पुढच्याला विकून आपली बेगमी करी. नव्या कायद्याने ही खरेदीविक्री बंद होणार होती. भरपाईसाठी ६ कोटी ६० लाख पौंड ठेवले होते. पण मोठी भीती होती ती चाकरीची. आज थोडा बांधील पगार, उद्या सगळेच सरकारी नोकर! मग डॉक्टराने रोग्याचे ऐकायचे की वरच्या साहेबाचे?

आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन. वेल्समधल्या ट्रेडेगर गावचे, तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेले. त्यांच्या गावी कामगार वर्गणी काढून डॉक्टर ठेवीत. ती सोय त्यांना साऱ्या देशासाठी करावयाची होती. संघटनेचे चिटणीस होते डॉ. चार्ल्स हिल. युद्धकाळात बी. बी. सी. वरून घरगुती भाषेत आरोग्याच्या गोष्टी सांगणारे ‘रेडिओ डॉक्टर’ ते हेच!

फेब्रुवारीत संघटनेच्या मतमोजणीचा निकाल लागला. कायद्याविरुद्ध ४०,८१४ मते, बाजूने अवघी ४,७३५. आता योजना बारगळणार, असेच कोणीही म्हटले असते.

पण दार बंद झाले नव्हते. लॉर्ड मोरान यांच्यासारख्या वडीलधाऱ्या डॉक्टरांनी मध्यस्थी केली. एप्रिलमध्ये बेव्हन यांनी पार्लमेंटात शब्द दिला की, नवा कायदा केल्यावाचून डॉक्टरांना पगारी नोकर केले जाणार नाही. नावनोंदणी केलेल्या रोग्यांमागे डॉक्टरला ठराविक रक्कम मिळेल आणि दवाखाना त्याच्याच हाती राहील. मे महिन्यात पुन्हा मते घेतली. विरोधात २५,८४२, बाजूने १४,६२०. बहुमत अजून विरोधातच होते, पण पहिली एकजूट राहिली नव्हती. हे ओळखून संघटनेने सभासदांना सेवेत जाण्याचा सल्ला दिला. ५ जुलैला सेवा ठरल्याप्रमाणे सुरू झाली.

तेव्हा काय दिसले? वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली दुखणी घेऊन बायका दवाखान्यांत आल्या. चष्म्यांना आणि दातांच्या कवळ्यांना सरकारी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त मागणी आली. ही माणसे काल निरोगी नव्हती. फक्त त्यांची हाक कोणाच्या कानी पडत नव्हती.

या वर्षात कोण जिंकले? खरेदीविक्री संघटनेला वाचवता आली नाही, पण डॉक्टराची मोकळीक तिने वाचवली. बेव्हन यांनी पगाराचा आग्रह सोडला आणि योजना वाचवली. दोघांनी आपापल्या हट्टातला थोडा भाग सोडला, म्हणूनच त्या खाणकामगाराच्या बायकोला डॉक्टर मिळाला.