परांचीचा इतिहास

जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण तुमसरजवळच्या आंबागडाचे बुरूज दाखवतो, पवनीचा तट दाखवतो. बांधवून घेणाऱ्यांची नावे आपण घेतो. दगड वर चढवणाऱ्यांची घेत नाही. याला एक कारण असे की, ज्या परांचीवर उभे राहून गवंडी भिंत रचतो, ती काम पुरे होताच उतरवली जाते. वास्तू उरते, परांची जाते, आणि तिच्यावरून पडलेला माणूसही तिच्याबरोबर विस्मरणात जातो. म्हणून परांचीची सुरक्षितता हा आम्ही इतिहासाचाही विषय मानतो.

आपल्या देशात कामगाराचे रक्षण करणारा कायदा आला तो गिरणीच्या दारातून. १८८१ च्या कायद्याने धोक्याच्या यंत्राला कुंपण घालायला लावले. परांचीच्या कठड्याचा विचार त्यात नव्हता. १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला. म्हणजे माणूस पडल्यावर काय द्यावे हे ठरले. तो पडूच नये याची तजवीज तशीच राहिली. १९४८ चा कायदाही कारखान्यांपुरताच होता. कामाची परिस्थिती न्याय्य व माणुसकीची असावी, हे तत्त्व राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदाने १९५० साली मान्य केले. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि १९५४ साली ते याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. तरीही बांधकाम मजुरांचा स्वतंत्र कायदा व्हायला १९९६ साल उजाडावे लागले.

वस्तुतः उपाय फार पूर्वीच सापडले होते. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना मजुरांना कडक टोप्या दिल्या होत्या व पुलाखाली मोठी जाळी ताणली होती. त्या जाळीने एकोणीस माणसे वाचवली. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी परांचीच तुटून जाळीवर कोसळली, जाळी फाटली, आणि दहा माणसे मेली. यातून घ्यावयाचा बोध असा की, जाळी ही शेवटची आशा होय. पहिली काळजी परांचीची.

वरून पडणाऱ्या वस्तूचे गणितही साधे आहे. वीस मीटरवरून सुटलेली वीट दोन सेकंदांत जमिनीवर येते, आणि त्या वेळी तिचा वेग ताशी सत्तर किलोमीटरांच्या घरात असतो. खाली घमेले घेऊन चाललेल्या रेजाला मान वर करायलाही सवड मिळत नाही. परांचीच्या कडेला वीतभर उंचीची आडवी फळी ठोकली, तर ती वीट मुळात खाली येतच नाही.

मग हे होत का नाही? १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक मजुरांच्या कामाला लागू होता, आणि दहा लाखांपर्यंतचे स्वतःचे राहते घर त्यातून वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने दहा मजुरांची अट ठेवली आणि घराची मर्यादा पन्नास लाखांवर नेली. अर्थात साकोली-लाखनीकडे चार मजूर लावून आपण जे घर बांधतो, तेथे या कायद्याचा निरीक्षक येणार नाही. तेथे जबाबदारी घरमालकाची, म्हणजे आपलीच.

ती फार खर्चाची नाही. बल्ल्यांचे पाय भुसभुशीत मातीत न ठेवता फळीवर ठेवावेत. परांची भिंतीला ठिकठिकाणी जखडावी. किडलेला बांबू व कुजलेली दोरी बाजूला काढावी. कडेला कठडा व फळी लावावी. खालची वाट दोरी बांधून बंद करावी. पाऊस-वादळानंतर सर्व पुन्हा तपासल्याशिवाय कोणाला वर चढू देऊ नये. पायाभरणीला आपण मुहूर्त पाहतो. परांची बांधून झाल्यावर ती हाताने हलवून पाहणे, हाही त्या घराच्या शुभकार्याचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.