परसबाग : पानमळ्यापासून पाण्याच्या टाकीमागच्या पट्ट्यापर्यंत

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा आर्थिक इतिहास लिहायला सांगितला होता. तो लिहून झाला, ताळेबंदासह पान वेगळं छापलं आहे. पण त्यासाठी ऑफिसातलं कपाट उपसताना सगळ्यात जुन्या फाइलीत आपल्या जमिनीचा सातबारा हाती लागला. बँकेत कर्जप्रकरणं तपासून तपासून मला एक सवय लागली आहे. लोक सातबाऱ्यावर मालकाचं नाव बघतात, मी आधी गाव नमुना बारा बघतो, म्हणजे पिकांची नोंद. तिथे बिनशेती होण्यापूर्वीच्या शेवटच्या काही वर्षांसमोर ज्वारी आणि भाजीपाला अशी नोंद आहे, त्याच्या आधी थोडा पानमळा. सिंचनाचं साधन : विहीर. ही विहीर म्हणजे ए विंगच्या जिन्याखाली आपण स्लॅब टाकून बंद केली ती. म्हणजे ज्या जागेवर आपण १९९९ साली राहायला आलो, ती आपल्या आधी भाजीच पिकवत होती. तेव्हा या अंकात घरच्या भाजीच्या इतिहासाला दोन पानं द्यायला हरकत नसावी.

आमचं मूळ घर सातारा जिल्ह्यातलं. त्या घराची परसबाग कोणी कागदावर आखली नव्हती, पण ती अगदी आखीव होती. न्हाणीचं पाणी जिथे पडे तिथे अळू आणि केळ, कारण त्यांना पाय ओले लागतात. त्याच्या पुढे, जरा कोरड्यात, मिरची-वांगी. गोठ्याच्या छपरावर दुधी आणि भोपळा सोडलेला. मांडवावर दोडका, पडवळ, घोसाळं. शेवगा अगदी मागच्या कोपऱ्यात, कारण त्याची फांदी ठिसूळ, वाऱ्याने मोडून घरावर नको. कढीपत्ता मात्र स्वयंपाकघराच्या दारापासून चार पावलांवर, फोडणी तडतडत असताना धावत जाऊन आणता यावा म्हणून. चुलीतली राख मुळाशी आणि किडीवरही. पाणी, ऊन, वारा आणि बाईमाणसाची पावलं या चार गोष्टींचा हिशेब त्यात होता. (ज्यांना 'आपली पारंपरिक भाजी' म्हणून फार अभिमान वाटतो त्यांच्यासाठी : मिरची, बटाटा, टोमॅटो ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आली.)

१९७२ च्या दुष्काळात मी बावीस वर्षांचा होतो. रेशनवर तांबडी मिलो मिळायची. भाजी बाजारात जवळजवळ नव्हतीच. आईने न्हाणीच्या पाण्याला हातभर खोल चर खणून ते केळीकडून काढलं आणि एकाच दोडक्याच्या वेलाकडे वळवलं. बाकी सगळं वाळू दिलं. थोडं पाणी सगळ्यांना वाटून काहीच हाती लागत नाही हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

कागदावर आखलेली भाजीची बाग मात्र युद्धाने दिली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटन आपल्या अन्नापैकी सुमारे दोन तृतीयांश बाहेरून आणत असे. समुद्रात जर्मन पाणबुड्या. म्हणून १९३९ मध्येच तिथल्या कृषी खात्याने 'विजयासाठी खणा' अशी मोहीम काढली. लोकांनी हिरवळी उकरल्या, टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातसुद्धा भाजीचे वाफे झाले. मिडलटन नावाचे बागकामतज्ज्ञ बीबीसीवरून श्रोत्यांशी कोबी-कांद्याबद्दल बोलत. नागरिकांना वाटलेल्या कसायच्या तुकड्यांची संख्या युद्धकाळात चौदा लाखांच्या आसपास गेली.

मला त्यातलं आवडतं ते एक पत्रक. पत्रक क्रमांक एक. त्यात ९० फूट लांब आणि ३० फूट रुंद जमिनीचा नकाशा आहे, म्हणजे २७०० चौरस फूट, आपल्या हिशेबाने जवळपास अडीच गुंठे. उद्देश असा की एका कुटुंबाला वर्षाच्या प्रत्येक आठवड्याला काही ना काही भाजी मिळावी. जमिनीचे तीन भाग : एकात मटार, घेवडे, कांदे, दुसऱ्यात बटाटे आणि कंदमुळं, तिसऱ्यात कोबीवर्गीय हिरव्या भाज्या. पुढच्या वर्षी भाग फिरवायचे, म्हणजे एकाच पिकाची कीड एकाच जागी मुक्काम ठोकत नाही आणि शेंगवर्गीय पिकाने जमिनीत ठेवलेलं नत्र पुढच्याला मिळतं. अमेरिकेतही अशाच 'विजयबागा' झाल्या, १९४३ मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर वाफे करवले. पण पत्रक क्रमांक एकमधली 'प्रत्येक आठवडा' ही कल्पना मला सगळ्यात मोलाची वाटते. सुगीला पोतंभर आणि नंतर शून्य, हे शेतीत चालतं, स्वयंपाकघरात नाही.

आपल्याकडे त्याच सुमारास काय चाललं होतं? मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू केली. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली. ज्या सरकारने लंडनच्या नागरिकाला वाफ्याचा नकाशा घरपोच दिला, त्याच सरकारच्या राज्यात हे घडलं. इतिहास लिहिताना शांत राहावं म्हणतात, पण या एका गोष्टीवर मला शांत राहता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरही मोहीम चालू राहिली. १९५२ मध्ये व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या समितीने तिची तपासणी करून सांगितलं की नुसतं धान्याचं उद्दिष्ट ठेवून भागत नाही, गावाच्या जगण्याचा सगळा भाग एकमेकांत गुंतलेला असतो. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडायला सांगितलं आणि आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालवला. सोमवारी रात्री बंद असलेली हॉटेलं मला आठवतात.

शहरी माणसाला उपयोगी पडेल असा विचार महाराष्ट्रात केला तो कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी. मूळचे गणिताचे शिक्षक. त्यांच्या प्रयोग परिवाराने द्राक्षापासून दहा गुंठ्यांत कुटुंब पोसण्यापर्यंत प्रयोग केले. त्यांचा हिशेब मातीपासून नाही, उन्हापासून सुरू होतो : झाडाचं पान ऊन साठवतं, म्हणून तुमच्या जागेवर किती पानं किती तास उन्हात राहतील ते आधी मोजा. मुंबईत बांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर, प्लास्टिकच्या पिशव्यांत उसाचा चोथा भरून भाज्या-फळं घेतली.

आता आपली गोष्ट. बी विंगमधल्या एका काकूंनी दोशींची पद्धत वाचून २००३ मध्ये गच्चीवर सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून चिपाडं आणायची. इतरांना हुरूप आला आणि त्यांनी चिपाडांऐवजी सरळ माती चढवली. दोन पावसाळ्यांत वरच्या मजल्यावर ओल उतरली आणि सर्वसाधारण सभेत जे झालं ते जुन्या सभासदांना आठवत असेल. आपल्या अभियंत्यांनी तेव्हा साधा हिशेब मांडला. वावर असलेली गच्ची साधारण दर चौरस मीटरला १५० किलो भाराच्या हिशेबाने बांधतात, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. ओली माती घनफुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो. नऊ इंचांचा मातीचा वाफा केला तर चौरस फुटाला पस्तीस किलोच्या वर. चोथा आणि पालापाचोळा वापरणाऱ्या काकूंचं गणित बरोबर होतं, पण गच्ची बंद झाली ती सगळ्यांसाठीच.

मग बाग खाली आली, पाण्याच्या टाकीमागच्या ६० फूट बाय १२ फुटांच्या पट्ट्यात. ७२० चौरस फूट, पाऊण गुंठाही नाही. यावेळी आम्ही आधी मोजलं. मे आणि डिसेंबर महिन्यांत सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला भिंतीची सावली कुठे येते त्याच्या खडूने रेघा मारल्या. पूर्वेकडच्या वीस फुटांना हिवाळ्यात जेमतेम तीन तास ऊन, तिथे वांगी-टोमॅटो लावणं व्यर्थ. तिथे अळू, पुदिना, आलं.

दुसरा हिशेब पोटाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढाला दिवसाला ३०० ग्रॅम भाज्या हव्यात. चौघांच्या घराला वर्षाला ४३८ किलो, बत्तीस घरांना चौदा टन. एवढ्याशा पट्ट्यातून ते होणे नाही. तेव्हा बटाटा, कांदा, कोबी बाद : जागा अडवतात आणि बाजारात स्वस्त मिळतात. जे ताजं लागतं आणि थोडं लागतं तेच लावायचं. कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, पालक, मेथी. मेथी महिन्याभरात हाती येते, म्हणून सगळं बी एकदम टाकायचं नाही, दर दहा-बारा दिवसांनी एक वाफा. मी त्याला आवर्ती ठेव म्हणतो, आणि शेवग्याला मुदत ठेव. कुंपणाच्या जाळीवर दोडका-पडवळ, म्हणजे जमीन अडत नाही. खत आपल्याच ओल्या कचऱ्याचं, विटांच्या दोन हौदांतलं. एक भरेपर्यंत दुसरा मुरतो. पावसाळ्याचे दोन महिने आणि कडक उन्हाळा सोडला तर दर रविवारी प्रत्येक घरी एक जुडी पोचते. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गुडघ्यांमुळे खाली येत नाहीत, पण त्यांच्या खिडकीतून हा पट्टा दिसतो आणि कुठला वाफा कोरडा राहिला हे ते इंटरकॉमवरून कळवतात.

या पट्ट्यावर फरसबंदी करून मोटारी लावाव्यात असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे आहे. अडचण खोटी नाही. राहायला आलो तेव्हा आवारात चार मोटारी होत्या, आता उभ्या करायला जागा नाही. सूचक तरुण सभासद आहेत, त्यांना रोज रात्री बाहेर रस्त्यावर गाडी लावावी लागते आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. मी फक्त टेप घेऊन मोजून आलो. रुंदी १२ फूट असल्याने मोटार आडवी बसत नाही, लांबीलाच लावावी लागेल. एकीला मागेपुढे करायच्या जागेसकट अठरा ते वीस फूट. म्हणजे तीन मोटारी. त्या कोणत्या तिघांच्या, हे ठरावात लिहिलेलं नाही. ते लिहून यावं एवढी सूचना मी सचिवांकडे लेखी दिली आहे.

सभा मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं आणि दोडक्या-पडवळाचं बी तेव्हा जमिनीत जायला हवं, म्हणून निर्णय काहीही होवो, त्याच दिवशी व्हावा. बी मी वर्तमानपत्राच्या पुड्यांत नावं घालून ठेवलं आहे.