टेम्सकांठची वखार

नदीकांठचीं जुनीं चित्रें आपण केवळ शोभेची वस्तु म्हणून पाहतों. आमच्या मतें तीं इतिहासाचीं साधनें होत. १८५९ सालीं व्हिस्लर या अमेरिकन चित्रकारानें पूर्व लंडनमधील वॅपिंगचा टेम्सकांठ तांब्याच्या पत्र्यावर रेखाटला. ‘ब्लॅक लायन व्हार्फ’ या चित्रांत मागें वखारींची रांग आहे, आणि पुढें, अगदीं जवळ, बसलेला एक कष्टकरी आहे.

विसाव्या शतकांत माल मोठमोठ्या लोखंडी पेट्यांतून येऊं लागला, जहाजें अवाढव्य झालीं आणि व्यापार समुद्राजवळच्या टिलबरीकडे सरकला. हिंदुस्थानच्या व्यापारासाठीं १८०६ सालीं उघडलेली ईस्ट इंडिया गोदी १९६७ सालीं बंद झाली. १९८१ सालीं रॉयल गोद्याही बंद पडल्या. वॅपिंगच्या ऑलिव्हर वखारीचीं १९७२ सालीं घरें झालीं, आणि पुढें तोच प्रघात पडला.

नदीकांठ ओसाड राहण्यापेक्षां वसलेला बरा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु भिंती राखल्या, नांवें राखलीं, तरी गोदींतल्या बहुतेक मजुरांस तीं घरें परवडण्याजोगीं नव्हतीं. विटा जतन केल्यानें इतिहास जतन होतोच असें नाहीं. वखार पाहावयाची तर वॅपिंगला जावें; तींत राबणारा माणूस पाहावयाचा तर व्हिस्लरचें चित्रच उघडावें लागतें.