कॅडेट म्हणजे धाकटा

इंजिनिअरिंगला असताना मी दोन वर्षं एनसीसीत होतो. परेडला 'कॅडेट!' अशी हाक आली की आम्ही ताठ व्हायचो. शिकाऊ सैनिक, एवढाच अर्थ माहीत होता. मग एका ऐतिहासिक मालिकेत 'कॅडेट ब्रँच' हे शब्द ऐकले. तिथे अर्थ होता राजघराण्याची धाकटी पाती. परेडच्या मैदानाचा आणि धाकट्या भावाचा काय संबंध?

संबंध थेट वारसाहक्काशी आहे.

फ्रान्सच्या नैऋत्येला गॅस्कनी नावाचा प्रांत होता. तिथल्या बोलीत 'कापदेत' म्हणजे म्होरक्या, नायक. मुळाशी लॅटिन 'कापुत', म्हणजे डोकं. 'कॅप्टन' आणि 'चीफ' हे शब्दही त्याच मुळातून आलेत. मग डोक्याचा धाकटा कसा झाला?

तिथल्या सरदार घराण्यांत गढी आणि जमीन मुख्यतः थोरल्याकडे जायची. धाकट्यांना आपलं पोट आपणच शोधावं लागायचं. पंधराव्या शतकापासून अशी मुलं फ्रान्सच्या राजाच्या सैन्यात अधिकारी म्हणून येऊ लागली. त्यांना गॅस्कन बोलीत 'कापदेत' म्हणत. पण ती बहुतेक धाकटीच असल्यामुळे फ्रेंच लोकांनी शब्दाचा अर्थच 'धाकटा' असा घेतला. फ्रेंचमध्ये आजही 'कादे' म्हणजे धाकटं भावंड.

आपल्याकडे वतनात सगळ्या भावांचा वाटा असे, म्हणून भाऊबंदकीही असे. देवासच्या पवारांनी तर राज्यच वाटून घेतलं. थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राजे! गॅस्कनीच्या धाकट्याला मात्र घर सोडावं लागलं.

राजांना ही मुलं सोयीची होती. घरी परतण्यासारखं काही नसलेला माणूस चाकरीत टिकतो. १६८२ मध्ये चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्हा याने अशा तरुणांच्या शिक्षणासाठी कॅडेटांच्या खास तुकड्या उभारल्या. १७१७ मध्ये बर्लिनला आणि १७३१ मध्ये रशियात कॅडेट कोअर निघाली. आता 'कॅडेट' म्हणजे अधिकारी होण्यासाठी शिकणारा.

पण हे दार सगळ्यांना उघडं नव्हतं. १७८१ च्या फ्रेंच नियमानुसार थेट अधिकारी व्हायला चार पिढ्यांचं सरदारपण दाखवावं लागे. १७८५ मध्ये पॅरिसच्या लष्करी शाळेतून सोळा वर्षांचा एक मुलगा अधिकारी होऊन बाहेर पडला. तोही घरातला धाकटाच, कारण थोरला भाऊ जोसेफ होता. त्याचं नाव नेपोलियन बोनापार्ट.

स्कॉटलंडमध्ये हाच शब्द घसरत घसरत निरोप्या, हरकाम्या पोऱ्यापर्यंत आला. गोल्फची पिशवी वाहणारा 'कॅडी' तो हाच.

आपल्याकडे हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीने आणला. कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने आलेला इंग्रज पोरगा कॅडेट व्हायचा. त्यांच्यासाठी १८०९ मध्ये लंडनजवळ अ‍ॅडिसकोंबला शाळाही निघाली. आपल्या गावांतून भरती होणारा शिपाई मात्र 'रिक्रूट'. त्याचंच आपल्या तोंडी 'रंगरूट' झालं. कवायत दोघांनाही होती, पण कॅडेट पुढे हुकूम देणार आणि रंगरूट तो पाळणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असे. १९०१ मध्ये कर्झनने भारतीयांसाठी इम्पिरिअल कॅडेट कोअर काढली, तीही राजघराण्यांतल्या आणि सरदारांच्या मुलांसाठी. सर्वसामान्य घरातल्या मुलाला देशातच शिकून अधिकारी होण्याची वाट डेहराडूनच्या अकादमीमुळे १९३२ मध्ये खुली झाली.

म्हणजे हा शब्द सुरुवातीपासून एकच प्रश्न विचारत आलाय: तू कोणाच्या पोटी जन्मलास?

१९४८ मध्ये एनसीसी सुरू झाली. मराठीत आपण तिला 'राष्ट्रीय छात्र सेना' म्हणतो. छात्र म्हणजे विद्यार्थी. त्यात ना थोरला, ना धाकटा. २०२२ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएत मुली दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या सतरा जणी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. वाटणीत ज्यांना धाकट्या भावाच्याही मागे उभं केलं जायचं, त्या आता कॅडेट आहेत.

मीही घरातला धाकटा. दादा गावी शेती बघतो, मी पुण्यात कोड लिहितो. परेडला मला कोणी नेमक्या नावाने हाक मारत होतं, हे कळायला दहा वर्षं लागली.