सर्वसेनाचे नाव : वाशीमचा ताम्रपट आणि लेखांचे निकट-छायाचित्रण

वत्सगुल्माचा, म्हणजेच आजच्या वाशीमचा, उल्लेख राजशेखराच्या काव्यमीमांसेत आहे. परंतु तेथे वाकाटकांची स्वतंत्र शाखा राज्य करीत होती, हे १९३९ पर्यंत अभ्यासकांना अवगत नव्हते. त्या वर्षी वाशीमला सापडलेल्या ताम्रपटात, दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ३७व्या राज्यवर्षातील दानाबरोबर, प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन व त्याचा पुत्र विंध्यशक्ती असा क्रम दिलेला आढळला.

नवल असे की, सर्वसेनाचे नाव अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील वराहदेवाच्या लेखात मूळचेच होते. झिजलेल्या त्या शिळेवरून बूलर यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या वाचनात तेथे ‘रुद्रसेन’ आले. परिणामी एक संपूर्ण राजशाखा ज्येष्ठ शाखेतच गडप झाली! वा. वि. मिराशी यांनी वाशीमच्या पुराव्यानंतर तो लेख पुन्हा तपासून ‘सर्वसेन’ हे वाचन निश्चित केले. दोन अक्षरांचा हा प्रश्न होता.

त्या काळी ठसा हेच मुख्य साधन होते. ओला कागद ब्रशाने ठोकून खाचांत बसवावयाचा व वर शाई फिरवावयाची. ठशात कोरीव रेघ व दगडाची चीर दोन्ही सारखीच पांढरी उमटतात. खाचेची खोली व तळाची घडण त्यात येत नाही. डिजिटल कॅमेऱ्याला मॅक्रो भिंग लावून घेतलेल्या निकट-छायाचित्रात ती दिसू शकते, मात्र प्रकाश पृष्ठाला जवळजवळ समांतर, एका बाजूने टाकला पाहिजे. येथेच अनेकांची फसगत होते. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेली रेघ छाया पाडीत नाही व चित्रातून नाहीशी होते. म्हणून एकाच अक्षराची चित्रे निदान दोन दिशांनी घ्यावीत. २००१ मध्ये मॅल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली, अनेक दिशांच्या प्रकाशातील चित्रे संगणकाने एकत्र करण्याची पद्धती याच अडचणीवर उपाय आहे. इतक्या जवळून स्पष्टतेची खोली अत्यल्प असते. छिद्र लहान केल्यास ती वाढते, पण फार लहान केल्यास रेघा पुन्हा मऊ पडतात. चित्रात मोजपट्टी व प्रकाशाच्या दिशेची नोंद नसेल, तर त्याचा पुरावा म्हणून उपयोग थोडाच.

अर्थात जे झिजून गेले ते कोणतेही भिंग परत आणीत नाही. अजिंठ्याच्या वाचनाला अखेर वाशीमच्या ताम्रपटाचाच आधार लागला. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील देवसेनकालीन शिलालेखातील शक ३८० या कालनिर्देशाचे अंक अशा दोन्ही दिशांच्या प्रकाशात पाहणे, हे या दृष्टीने पहिले काम ठरावे.