सोळा आण्यांची माती: इंदापूरची जुनी प्रतवारी कशी वाचायची

पाऊस पंधरा दिवस लांबला की एकाच बांधाच्या अलीकडे ज्वारी तग धरते आणि पलीकडे माना टाकते. पाऊस तोच, बियाणं तेच. मग फरक कशाचा? उत्तर जमिनीच्या पोटात असतं: कोणत्या थरावर कोणता थर बसलाय त्यात.

गोल्फच्या हिरवळीसाठी हे थर मुद्दाम रचतात. अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेनं 1960 मध्ये छापलेल्या पद्धतीत वर सुमारे 30 सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण आणि त्याखाली खडी असते. बारीक कणांनी धरलेलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरचा थर पुरेसा भिजेपर्यंत ते तिथंच अडकतं. जादा पाऊस निचरून जातो आणि उरलेली ओल उथळ मुळांच्या गवताला पुरते.

आपल्याकडे थर रचले ते निसर्गानं. बेसाल्ट झिजत गेला आणि वर माती, मध्ये मुरूम, खाली कातळ अशी मांडणी झाली. तिच्यावरून जमिनीचा कस ठरवण्याचं काम इंदापुरात 1835-36 मध्येच सुरू झालं होतं. त्याआधीची, प्रिंगल यांची आकारणी रयतेला पेलवली नव्हती. शेतं पडीक पडली, लोक गाव सोडून गेले. म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं पाहणी केली. पुढे 1847 च्या संयुक्त अहवालात, डेव्हिडसन यांच्यासह, ही पद्धत पक्की झाली.

पद्धत अशी. शेताचा कच्चा नकाशा काढायचा, त्याचे चौकोन पाडायचे आणि चौकोनागणिक माती तपासायची. उत्तम पोताची माती पावणेदोन हात खोल, म्हणजे साधारण 80 सेंटिमीटर असेल तर सोळा आणे. खोली कमी तशी प्रत खाली, अशा एकूण नऊ प्रती. खोलीला एवढं महत्त्व का? खोल माती जास्त ओल धरते म्हणून. म्हणजे सारा ठरवताना जमीन अवर्षणात किती टिकेल हेच मोजलं जात होतं.

आता माझी चूक सांगतो. असे कागद पहिल्यांदा हाताळताना मी खोली आणि आणे तेवढे तक्त्यात उतरवले. चौकोनातल्या बारीक खुणा पसारा समजून सोडून दिल्या. मग माझ्या तक्त्यात सारख्याच खोलीच्या दोन शेतांचे आणे जुळेनात. त्या खुणा दोषांच्या होत्या: चुनखडी, वाळू, उतार, पाणी न मुरणं, वर पाणी साचणं. प्रत्येक खुणेला प्रत एक पायरी उतरायची. मी टाकून दिलं होतं तेच मातीच्या रचनेचं वर्णन होतं!

नुसत्या खोलीवर विसंबलं की काय होतं, ते पुढच्या इतिहासात दिसतं. 1885 मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात बारमाही पाणी आलं. कोरडवाहूला आधार देणाऱ्या खोल काळ्या जमिनींतच आता पाणी तुंबू लागलं, क्षार वर आले. 1910 मध्ये हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. ओल धरणं हा गुण खरा, पण निचरा नसेल तर तोच दोष ठरतो.

हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. बारामतीजवळ माळेगावात 2009 मध्ये अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तीही मुरमाड, कातळाच्या माळावर. तिथं फळझाडांसाठी खड्डे आणि चर घेऊन त्यांत मुरूम, काळी माती किंवा दोन्हींचं मिश्रण भरून तुलना केली गेली. कारण साधं आहे. कातळातल्या खड्ड्यात नुसती काळी माती भरली तर ती कुंडीसारखी वागू शकते: पावसात पाणी साचतं आणि मुळं बाहेर जात नाहीत. बाग लावणाऱ्याला ही चूक काही वर्षांनी कळते, तोवर पैसा गेलेला असतो.

तेव्हा दुष्काळावर काम करणार असाल तर पावसाच्या आकड्यांआधी जमिनीचा उभा छेद काढा. आणि जुने कागद उतरवताना समासातली एकही खूण गाळू नका. अर्थ लागला नाही तरी आहे तशी उतरवून ठेवा.