अर्धपारदर्शक त्वचेच्या रेंडरिंगमधील गोंगाट

संगणकीय चित्रणात मानवी त्वचा, मेण, दूध, संगमरवर यांसारख्या अर्धपारदर्शक पदार्थांची प्रतिमा तयार करताना तिच्यावर जे विखुरलेले, दाणेदार ठिपके उमटतात, त्यांना गोंगाट किंवा नॉइज असे म्हणतात. ध्वनीशी या ठिपक्यांचा संबंध नाही. संदेशवहनातील खरखरीवरून ही संज्ञा प्रतिमांसाठीही रूढ झाली. त्वचेच्या बाबतीत हा दोष विशेष जाणवतो, कारण माणसाचा चेहरा पाहण्याची सवय प्रत्येकाला असते आणि त्यातील लहानशी विसंगतीही डोळ्यांना खटकते.

भौतिक पार्श्वभूमी

त्वचेचा अपवर्तनांक सुमारे १.४ असल्यामुळे तिच्यावर लंबरूप पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण ३ टक्के प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो. उरलेला प्रकाश आत शिरतो, ऊतींमध्ये पुनःपुन्हा दिशा बदलतो, काही अंशी शोषला जातो आणि शिरला त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणाहून बाहेर पडतो. या क्रियेस उपपृष्ठीय प्रकीर्णन म्हणतात. रक्तातील हिमोग्लोबिन निळा व हिरवा प्रकाश अधिक शोषते. त्यामुळे तांबडा प्रकाश त्वचेत सर्वांत दूरवर पसरतो. अंधाऱ्या खोलीत विजेरीवर तळहात ठेवला असता बोटांच्या कडा लालसर उजळतात, त्या यामुळेच. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांत पिकणाऱ्या संत्र्याची सोललेली फोड उन्हासमोर धरली, तर ती आतून उजळल्यासारखी दिसते; तिथेही याच प्रकारची क्रिया घडते.

गोंगाटाचे कारण

आधुनिक रेंडरिंगचा पाया जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडलेले रेंडरिंग समीकरण हा आहे. ते नेमकेपणाने सोडवणे बहुतेक दृश्यांत अशक्य असल्याने माँटे कार्लो पद्धत वापरतात. प्रत्येक पिक्सेलसाठी काही प्रकाशमार्ग यादृच्छिकपणे निवडायचे आणि त्यांच्या उत्तरांची सरासरी घ्यायची, असे तिचे स्वरूप आहे. नाणे दहा वेळा उडवले तर सात वेळा छापा येऊ शकतो. हजार वेळा उडवल्यास छाप्यांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ येते. त्याचप्रमाणे मार्ग थोडे असतील तर शेजारशेजारच्या पिक्सेलांची सरासरी एकमेकांशी जुळत नाही. ही तफावत म्हणजेच गोंगाट.

त्वचेत ही अडचण वाढते, कारण प्रत्येक मार्गाला आत शिरल्यावर अनेक वळणे घ्यावी लागतात. त्यातच तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे सरासरी अंतर वेगवेगळे असते. एका रंगासाठी योग्य असलेली पावलाची लांबी दुसऱ्याला लागू पडत नाही आणि चेहऱ्यावर रंगीत ठिपके उमटतात. एखादा क्वचित सापडणारा मार्ग थेट प्रखर दिव्याला भिडला, तर एकच पिक्सेल लखलखतो. अशा ठिपक्यांना कलाकार काजवे म्हणतात.

गोंगाट नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. तो निम्मा करायचा असेल, तर नमुने चौपट घ्यावे लागतात. समजा, १२८ नमुन्यांच्या एका चित्राला ५ मिनिटे लागतात. सेकंदाला २४ चित्रे या दराने दहा सेकंदांच्या दृश्यात २४० चित्रे होतात आणि त्यांना २० तास लागतात. गोंगाट निम्मा करण्यासाठी ५१२ नमुने घेतल्यास तेच काम ८० तासांवर जाते. एकाच संगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यापुढील खरा प्रश्न हाच असतो.

इतिहास

पॅट हॅनरहान व वोल्फगांग क्रूगर यांनी १९९३ साली थरांच्या पृष्ठभागातील प्रकीर्णनाचे प्रारूप मांडले. २००१ साली हेन्रिक वान येन्सन, स्टीव्ह मार्श्नर, मार्क लेव्हॉय व हॅनरहान यांनी विसरणावर आधारलेले द्विध्रुव प्रारूप प्रसिद्ध केले. अनेक वळणांनंतर प्रकाशाची मूळ दिशा जवळजवळ पुसली जाते, तेव्हा त्याचा प्रसार एका सूत्राने मांडता येतो, हा त्यामागील विचार. २००२ सालच्या चित्रपटांतील गॉलम व डॉबी या पात्रांच्या त्वचेमुळे हे तंत्र सर्वांच्या नजरेत भरले. येन्सन, मार्श्नर व हॅनरहान यांना या संशोधनासाठी २००४ साली ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार देण्यात आला.

सूत्रावर आधारलेल्या पद्धतीत गोंगाट कमी असतो. परंतु कान, नाकपुडी, ओठांची कड अशा पातळ वा वळणदार भागांत तिचे उत्तर चुकते. पुढे संगणक वेगवान झाल्यावर त्वचेच्या आत प्रकाशाचा प्रत्यक्ष माग काढणारी यादृच्छिक भ्रमण पद्धत चित्रपटनिर्मितीत रुळली. तिने बारकावे आणले, पण सोबत गोंगाटही आणला.

निवारणाचे उपाय

गोंगाट कमी करण्याचे उपाय दोन प्रकारचे आहेत. काही उपाय नमुने अधिक शहाणपणाने निवडतात, तर काही तयार प्रतिमेवर नंतर प्रक्रिया करतात.

महत्त्वानुसारी निवड: ज्या दिशांकडून अधिक प्रकाश येण्याचा संभव असतो, त्या अधिक वेळा निवडतात आणि त्या प्रमाणात त्यांचे वजन कमी धरतात. त्यामुळे सरासरीत पक्षपात होत नाही.

बहुपद्धती निवड: एरिक वीच व लिओनिडास गिबास यांनी १९९५ साली निरनिराळ्या निवडपद्धती एकत्र करून त्यांना योग्य भार देण्याची रीत दाखवली. तिन्ही रंगांच्या अंतरांचा असा एकत्रित विचार केल्यास रंगीत ठिपके पुष्कळ घटतात.

अनुकूली निवड: भिंत, आकाश अशा शांत भागांवर कमी आणि चेहऱ्यावर अधिक नमुने खर्च करतात.

काजव्यांना मर्यादा: ठरावीक पातळीपेक्षा तेजस्वी नमुना छाटतात. ठिपके जातात, पण थोडा खरा प्रकाशही हरवतो आणि प्रतिमा किंचित काळवंडते.

मोजमापाची तपासणी: त्वचेतील प्रसाराचे अंतर मिलिमीटरांत असते. चेहऱ्याचे प्रारूप मीटरमध्ये मोजून प्रसाराची त्रिज्याही १ मीटर ठेवली, तर चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा दिसतो आणि संगणकाचे श्रम व्यर्थ जातात.

गोंगाटनाशक गाळणी: तयार प्रतिमेसोबत पृष्ठभागाचा मूळ रंग व त्याची दिशा यांची स्वतंत्र चित्रे देऊन यंत्रशिक्षणावर आधारित गाळणी ठिपके पुसते. इंटेलची ओपन इमेज डीनॉइज ही मुक्त प्रणाली २०१९ साली आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरच्या २.८१ आवृत्तीत समाविष्ट झाली.

मर्यादा

गाळणी ठिपका आणि तीळ यांत फरक करते, तो अनुमानाने. नमुने फार थोडे असतील, तर ती रंध्रे, सुरकुत्या व बारीक लव यांनाही गोंगाट समजून पुसून टाकते आणि चेहरा गुळगुळीत, निर्जीव दिसतो. चलचित्रात प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे गाळल्यास त्वचा लुकलुकल्यासारखी भासते. म्हणून आधी नमुने पुरेसे घ्यावेत आणि गाळणीवर शेवटचे थोडेच काम सोपवावे, हा क्रम योग्य ठरतो.

वर्णभेदाचा प्रश्न

येल विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ थिओडोर किम यांनी २०२० साली लक्ष वेधले की, त्वचा म्हणजे अर्धपारदर्शकता हे समीकरण मुख्यतः गोऱ्या त्वचेवरून रुजले आहे. गडद त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने आत शिरलेल्या प्रकाशाचा मोठा भाग शोषला जातो. तिथे पृष्ठभागावरील चकाकी अधिक महत्त्वाची ठरते. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याच्या किंवा सावळ्या वर्णाच्या मुलीच्या चेहऱ्यासाठी गोऱ्या त्वचेची तयार मूल्ये जशीच्या तशी वापरली, तर चेहरा फिका किंवा मेणचट होतो. ही चूक नमुने वाढवून अथवा गाळणी लावून सुधारत नाही, कारण ती गोंगाटाची नसून प्रारूपाची असते. ठिपके घालवण्यापूर्वी आपण कोणाचा चेहरा रंगवत आहोत, हे पाहणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

हेही पहा

प्रकाशाचे प्रकीर्णन
माँटे कार्लो पद्धत
मेलॅनिन
ब्लेंडर